‘येतो’ म्हणून गेलेले काका

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका शिस्तीचा माणूस अमेरिकेच्या लष्करात ना आधी कधी झाला असेल, ना पुढे होईल, आणि नेमकं त्यांनाच लष्करानं हाकलून दिलं होतं. यातली दुसरी गोष्ट काका स्वतःच पहिल्या भेटीत सांगून टाकायचे. नाव, गाव मिरज, आणि लगेच, “मला आर्मीनं काढलंय बरं का. केस चालू आहे.” मी नुकतीच लग्न होऊन सनीव्हेलला आले होते. चहाचा कप हातात तसाच राहिला. मला वाटलं, खून वगैरे केलाय की काय! आमचे हे म्हणजे अमेरिकेत आल्यापासून कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कंपनीत मान खाली घालून बसलेले. त्यांना विचारलं तर म्हणाले, “असेल काहीतरी, पण माणूस गुड आहे. लाँड्रीची लाइन त्यांनीच सरळ केली.”

ते मात्र शंभर टक्के खरं. आमच्या अपार्टमेंटमध्ये पंचवीस बिऱ्हाडांत कपडे धुण्याची मशिनं तीन. काका यायच्या आधी तिथं रोज महाभारत व्हायचं म्हणे. काकांनी भिंतीवर तक्ता लावला, प्रत्येकाला वेळ नेमून दिली, आणि शनिवारी सकाळी स्वतः दारात उभे राहायला लागले. सात वाजताच्या माणसानं सात वाजून दोन मिनिटांनी बादली आणली तर काका नुसते घड्याळाकडे बघायचे. पुढच्या शनिवारी तो पावणेसातला हजर! तक्त्याप्रमाणे सगळं पार पडलं की काका मशिनांना एक कडक सलाम ठोकून जिना चढायचे. त्यांची शाळकरी मुलगी लाजून अर्धमेली व्हायची. “बाबा, नोबडी सॅल्यूट्स अ वॉशिंग मशीन!” काका म्हणायचे, “म्हणूनच ती लवकर बिघडतात.”

इस्त्रीचं तर वेडच. शर्टपँट सगळेच करतात हो, काका पायमोजे करायचे, पायपुसणी करायचे, एकदा तर मी केळीची पानं मिळाली म्हणून आनंदानं वर द्यायला गेले, तर म्हणाले, “ठेवा, जरा वाफेवर सरळ करतो.” गणपतीत आरतीला उंचीप्रमाणे उभं राहायचं, बुटके पुढे, ताडमाड मागे. ‘घालीन लोटांगण’ला सगळ्यांनी एकाच पायावर एकाच दिशेनं वळायचं. पहिल्या वर्षी नागपूरच्या एका पाहुण्यांनी उलटी गिरकी घेतली आणि निरांजनासकट चौघं एकमेकांवर आदळले. काकांनी आरती थांबवून ‘जैसे थे’ अशी आज्ञा दिली. आम्ही हसून हसून बेजार, आणि बाप्पासुद्धा हसला असेल. गाडी हायवेवर ताशी पंचावन्न मैलांनी. चौपन्न नाही, छप्पन्न नाही. मागचे लोक हॉर्न वाजवायचे, मुठी दाखवायचे, काका आरशात बघून त्यांना नमस्कार करायचे.

एवढा हा माणूस लष्करात करत काय होता? मी एकदा भाबडेपणानं विचारलं, “काका, तुम्ही व्हिएतनामला होतात?” म्हणाले, “छे! टेक्सासला. भटारखान्यात.” “मग शत्रू?” “बटाटा.” सोळा महिने त्यांनी बटाटे सोलले. आमच्याकडे सत्तर माणसांची भाजी असली की काका एका बैठकीत सगळे बटाटे सोलून, आकारानं लावून ठेवायचे. साल कशी पारदर्शक निघायची! भरतीची गोष्ट तर ते अशी सांगायचे की काकू दरवेळी पदर तोंडाला लावायच्या. काका इथं शिकायला आले, नोकरी लागली, ग्रीन कार्ड हातात पडलं, आणि पाठोपाठ सरकारचं पत्र आलं. पत्राचा पहिलाच शब्द ‘ग्रीटिंग’. दिवस दिवाळीचे. काकांना वाटलं, काय सज्जन सरकार आहे, नव्या माणसाला शुभेच्छा धाडतंय! त्यांनी ते पत्र मिरजेहून आलेल्या शुभेच्छापत्रांशेजारी पंधरा दिवस मांडून ठेवलं आणि वर सरकारला ‘सेम टू यू’ असं उलट टपाली कळवलं. मग शेजाऱ्यानं ते वाचून दाखवलं, तेव्हा कळलं, ते सक्तीच्या लष्करभरतीचं होतं आणि हजर व्हायला दोन दिवस उरले होते.

काकांची इंग्रजी म्हणजे अस्सल मराठी, फक्त कपडे साहेबाचे. “माय हेड इज इटिंग” म्हणून ते डॉक्टरकडे गेले होते. पण सगळ्यात मजा यायची ती निरोप घेताना. आपण कुणाकडून निघताना ‘येतो’ म्हणतो की नाही? काका अमेरिकन माणसालाही हसून “ओके, आय अ‍ॅम कमिंग” म्हणायचे आणि चालू पडायचे. बँकेतली बाई खिडकी उघडी ठेवून ताटकळायची. पोस्टमन जिन्यात वाट बघत उभा. एकदा टायरवाल्यानं त्यांच्यासाठी दुकान अर्धा तास उशिरा बंद केलं. मी म्हटलं, “काका, ‘गुडबाय’ म्हणा की.” तर गंभीर झाले. “नको. घरातून निघताना अभद्र बोलू नये.”

आणि याच शब्दानं त्यांचा घात केला होता.

ते मला पुढच्या वर्षी कळलं, नोव्हेंबरात. आमच्या जवळच्या रस्त्यावरून माजी सैनिकांची मिरवणूक निघते. मी भाजी घेऊन येत होते, तर काका सूट घालून, बूट चमकवून फूटपाथवर ‘सावधान’मध्ये उभे. मिरवणूक गेली, मागचा बँड गेला, झाडूवाला आला, तरी हे तसेच. मी म्हटलं, “काका, तुम्ही चालत नाही?” म्हणाले, “आपल्याला परवानगी नाही पुणेकर. गणवेश घालायचीसुद्धा नाही.” मला ते पुणेकरच म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला कपाटातला गणवेश दाखवला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, कडक इस्त्रीचा. दर नोव्हेंबरात इस्त्री करायचे आणि परत टांगायचे. आणि शेजारी फाइलमध्ये लष्करातून काढल्याचा कागद, त्यावर एकच शब्द: अनडिझायरेबल. “तुम्ही मराठीत एम.ए. ना? याला मराठीत काय म्हणतात?” मी चाचरत म्हटलं, “अनिष्ट... किंवा... नकोसा.” काकू आतून ओरडल्या, “मला विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं! सरकारला सोळा महिने लागले होय?” काका हसले, पण त्यांचा हात त्या कागदावरून काही निघाला नाही.

झालं होतं ते असं. एका दुपारी भटारखान्यात तार आली, वडील वारले. काका थोरले चिरंजीव. सार्जंटला तार दाखवली. तो भला माणूस म्हणाला, रजेचा अर्ज कर, कागद वर जातील, बघू. काकांच्या डोक्यात तेव्हा फक्त मिरज. त्यांनी अर्ज लिहिला, टेबलावर ठेवला, आणि दारातून म्हणाले, “ओके सार्जंट, आय अ‍ॅम कमिंग.” सार्जंटला वाटलं, आत कोठारात जाऊन हा परत येतोय. तो म्हणाला, “ऑलराइट, कम ऑन देन.” आता सांगा, ‘येतो’ म्हटल्यावर समोरच्यानं ‘बरं, या मग’ म्हटलं की मराठी माणसानं काय समजायचं? काका निघाले ते थेट मिरजेला. दिवस केले, आईला धीर दिला, आणि एकेचाळिसाव्या दिवशी आपल्या पायानं छावणीच्या फाटकाशी येऊन उभे राहिले, हातात सार्जंटसाठी बेसनाच्या लाडवांचा डबा. त्यांना आधी पकडलं, मग लाडवांना पकडलं. पिवळे गोळे कसले, म्हणून डबा तपासायला गेला तो गेलाच. पुढे एका साहेबानं लष्कर सोडायचे कागद ठेवले, सही केली तर खटला होणार नाही म्हणाला. काकांनी आपली मान डोलावली, तिचा अर्थ आपल्यात काहीही होतो, आणि तिथं ‘हो’ झाला.

कागदावरचा तो शब्द बदलून मागायची मुदत पंधरा वर्षांची. त्यातली चौदा काका स्वतःच अर्ज लिहीत होते! ‘केस चालू आहे’ म्हणायचे ती हीच. मी तो अर्ज पाहिला. बासष्ट पानं. वंशावळ, वडिलांची पत्रिका, दशक्रियेचं साहित्य, बटाट्यांचा अंदाजे आकडा, सगळं होतं. ‘येतो’चा पत्ता नाही. म्हटलं, “अहो काका, मुद्दा कुठाय?” तर म्हणाले, “तो त्यांना माहीतच असणार ना!” मी एका पानावर आणलं. तो अर्ज नुसते कागद बघूनच नामंजूर होऊन आला. त्या दिवशी काकांनी लाँड्रीला सलाम केला नाही. पण समक्ष सुनावणी मागता येते असं पत्रात तळाशी बारीक अक्षरात होतं. आम्ही मागितली, आणि साक्षीदार म्हणून माझं नाव घातलं. अमेरिकेत आल्यापासून माझ्या एम.ए.ला कुणी हिंग लावून विचारलं नव्हतं. आता मी ‘मराठी भाषेच्या तज्ज्ञ’!

सुनावणी सॅन फ्रान्सिस्कोला. काका पहाटे पाचला निघाले, ताशी पंचावन्ननं, आणि आम्ही दोन तास आधी पोचून बंद दारासमोर उंचीप्रमाणे उभे राहिलो. आत पाच अधिकारी. मधले पांढऱ्या केसांचे, प्रमुख. त्यांनी मला विचारलं, “मॅडम, तुमच्या भाषेत माणूस निघताना काय म्हणतो?”

“येतो म्हणतो, सर.”

“आणि येत असेल तेव्हा?”

“तेव्हाही येतोच म्हणतो.”

“मग तुम्हाला कळतं कसं?”

मी म्हटलं, “चपला बघायच्या. काढत असला तर आलाय, घालत असला तर चाललाय.” कडेच्या अधिकाऱ्यानं टेबलाखाली वाकून काकांचे बूट बघितले, देवाशप्पथ!

“आणि ‘जातो’ असं कुणी म्हणतच नाही?”

“निघताना नाही म्हणत सर. माणूस वारला की आम्ही ‘गेला’ म्हणतो. ह्यांचे वडील त्याच दिवशी गेले होते. त्या दिवशी ह्यांच्या तोंडून ‘जातो’ कसं येईल?”

प्रमुखांनी जुनी फाइल उघडली. पानं उलटता उलटता थांबले, आणि सार्जंटनं त्या दिवशी लिहिलेली नोंद मोठ्यानं वाचली. “सैनिक म्हणाला, येतो. मी बटाटे ठेवून वाट पाहिली. सैनिक आला नाही.”

काका ताडकन उभे राहिले. त्यांना बसायला सांगितलं तरी बसेनात. म्हणाले, “आलो सर. एकेचाळीस दिवस लेट झालो. पण कुणी धरून आणलं नाही मला. येतो म्हणालो होतो, म्हणून आलो.” एवढंच. बासष्ट पानांचा माणूस चार वाक्यांत आटपला. प्रमुखांनी फाइल मिटली आणि चष्मा पुसला.

दोन महिन्यांनी पत्र आलं. काकांनी मला वर बोलावलं. बघते तर इस्त्रीचं टेबल मांडलेलं, त्यावर ते पत्र, वर पातळ रुमाल, आणि काका घड्या मोडायला त्यावरून हलकेच इस्त्री फिरवतायत. “घडी नको राहायला यावर,” म्हणाले. ‘अनडिझायरेबल’च्या जागी आलेल्या ‘ऑनरेबल’ या शब्दावर आले तेव्हा इस्त्री उचलून धरली, डोळे बाहीनं पुसले, आणि मग पुढं सरकले. काकू नेहमीसारखं काही टोचून बोलतील म्हणून मी बघितलं, तर त्या देवापुढे साखर ठेवत होत्या. म्हणाल्या, “मला कधी नकोसे नव्हते गं. मी आपली उगीच म्हणायचे.”

त्या नोव्हेंबरात काका मिरवणुकीत चालले. पंधरा वर्षांपूर्वीच्या गणवेशाची काकूंच्या पुरणपोळ्यांशी झुंज होती, दोन बटणं कुठल्याही क्षणी धारातीर्थी पडतील अशी अवस्था. लाँड्रीच्या तक्त्यातली झाडून पंचवीस बिऱ्हाडं फूटपाथवर. कुणीतरी मुलांना उंचीप्रमाणे उभं केलं. रांगेत शिरण्याआधी काका वळले, काकूंकडे बघून म्हणाले, “येतो.” काकू म्हणाल्या, “या.” आणि अख्खा रस्ता ते एकटेच ताठ कवायतीच्या पावलांनी चालले. बाकीचे आपले मजेत हात हलवत चालले होते.

पुढे मुलीला तिकडं व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला नोकरी लागली आणि काका-काकू तिच्याकडे राहायला गेले. निघताना काकांनी लाँड्रीचा तक्ता रीतसर माझ्या हवाली केला आणि मला म्हणाले, “येतो हं पुणेकर.” मी म्हटलं, “या काका, पण एकेचाळीस दिवसांच्या आत!” नंतर वर्षानुवर्षं नुसते फोन. प्रत्येक फोनच्या शेवटी ‘येतो’, आणि येणं काही होईना. आज गुडघा, उद्या तिकीट कॅन्सल केलं, परवा नातीचं ग्रॅज्युएशन.

परवा सकाळी काकूंचा फोन आला. मी पोळ्या करत होते. म्हटलं, “काकू, काका कसे आहेत?” म्हणाल्या, “अगं, चार दिवसांपूर्वी दुपारी माझ्याकडे बघून ‘येतो’ म्हणाले. मला वाटलं, झोपेत बोलतायत. मी आपली सवयीनं ‘या’ म्हणून गेले.” आणि मग, “काल अंत्यविधीला सैनिक आले होते. झेंडा दिला घडी करून. इतकी सुरेख घडी, यांना आवडली असती बघ.”

पाच अधिकाऱ्यांसमोर ‘येतो’ आणि ‘गेला’ यातला फरक समजावून सांगणारी मी, मला काकूंना एक शब्द बोलता येईना. तव्यावरची पोळी करपली. मी गॅस बंद केला, चपला घातल्या, आणि खाली जाऊन, काका मिरवणुकीला उभे राहायचे त्या फूटपाथवर बराच वेळ उभी राहिले.