भवानी हातात द्यायची

वैनीसाहेबांनी चपाती वरून टाकली. ताटाला बोट लागू नये म्हणून हातभर उंचावरून. अर्धी ताटात पडली, अर्धी फरशीवर. पाहुणे बघत होते. मी उचलून खाल्ली.

मला त्या मावशी म्हणायच्या. त्यांची ताटं मीच घासायची. तिथं माझा हात चालत होता. मला जेवायला वाढताना त्यांना माझी जात आठवायची.

कोल्हापुरात हे रोजचंच होतं. मालकांची शिरोलीला फाउंड्री. त्यांनी रत्नागिरीजवळ समुद्राकाठी बंगला बांधला, आणि सुट्टीत भांडी घासायला मला गाडीत मागं बसवून नेलं.

लहानसं उपनगर ते. निम्मी घरं म्हणजे कोल्हापूरकरांचे बंगले, दिवाळी आणि मे सोडून कुलूपबंद. बाकीची घरं मासे धरणाऱ्यांची. संध्याकाळी त्यांच्या बायका पुढच्या दारात पाय पसरून बसायच्या. बंगलेवाले शेजारून गेले तरी पाय आखडायच्या नाहीत. मी बघत राहायची. हेवा वाटायचा.

आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलीच एक मासे घेऊन आली. माझ्याच वयाची. पुढच्या पायरीवर पाटी ठेवून बसली.

"मागच्या दारानं ये," वैनीसाहेब म्हणाल्या.

"पाटी जड हाय. तुम्हीच पुढं या."

सुरमई ठरली. वैनीसाहेबांनी वरच्या पायरीवरून नोट पाटीत टाकली. बाईनं नोटेला हात लावला नाही. माशांवर फडकं ओढलं.

"दिवसाची पहिली विक्री हाय. भवानी हातात द्यायची. टाकलेली मी घेत नाय."

"तुझे हात ओले आहेत."

"मासं इकते मी. हात काय कोरडं असनार?"

आत पाहुणे जेवायचे होते. वैनीसाहेब खाली उतरल्या. वाकून नोट उचलली आणि त्या ओल्या हातात ठेवली. बाईनं ती कपाळाला लावली. मग मासे न्यायला भांडं घेऊन दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं वळली.

"तू कुठली गं?"

"कोल्हापूरची."

"मग मुकी कशी? तुमच्याकडली मानसं तर बोलली तरी भांडल्यासारखी वाटतात!"

मला तिचा राग आला. वैनीसाहेबांचा नाही, तिचा. मी चौथी शिकलेली, ती कदाचित तेवढीही नसेल. पण तिच्यासाठी वैनीसाहेब पायऱ्या उतरल्या. माझ्यासाठी उभ्या जन्मात वाकल्या नव्हत्या.

दुपारी त्या चपाती घेऊन आल्या. मी ताट मागं घेतलं.

"हातात द्या."

"काय म्हणालीस?"

"हातात द्या. न्हायतर नको मला."

"इथं येऊन शिंगं फुटली व्हय तुला?"

चपाती आत गेली. मी पिशवी उचलली आणि उपाशी पोटी एसटीनं कोल्हापूरला आले.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. "मावशी, तुला जमत नसेल तर सुनेला पाठव. तरणी आहे, ऐकेल."

सून शेजारी उभी होती. तिला काम हवं होतं.

"ती येणार न्हाय," मी म्हणाले. "ऐकणारी बाई आमच्या घरात आता न्हाय."

आता नव्या घरी कामाला गेले की उंबऱ्यातच विचारते, जेवण हातात देणार का? एका घरानं दार लावून घेतलं. लावू दे.

त्या मासेवालीवर मी अजून जळते. तिला जे सहज येत होतं, त्यासाठी माझा जन्म गेला. सुनेचा जाऊ देणार नाही. तिच्या पुढ्यात कुणी वरून टाकलं, तर तिनं तिथंच उठायचं. चूल बंद राहिली तरी चालेल.