लिंबाचा मंडप

जळकोटच्या कचेरीतले एक बाबू हिशेब सांगताना डोळे मिटून घेत आणि झोपेत बोलल्यासारखे संथ बोलत. यंदा तीन गावांच्या शाळा समित्यांची निवडणूक एकत्र ठरली, तेव्हा मंडप, चहा, जेवण यांचा खर्च वाटून घ्यायला आम्ही तिन्ही गावांचे गुरुजी त्यांच्यापुढं बसलो. माझ्या वाडीला वाटा उचलणं जमणार नव्हतं. दुसरे दोघं म्हणाले, मग वाडीला वगळा.

बाबूंनी डोळे मिटले. "गुरुजी, तुमच्या शाळेपुढं मोठा लिंब हाय न्हवं? मंडप वाडीचा झाला. चहा-जेवण हे दोघं बघतील."

निवडणुकीच्या दिवशी तिन्ही गावं कडुलिंबाखाली बसली. बाबू मात्र उन्हात खुर्ची टाकून पेंगत होते. मी सावलीत बोलावलं, तर डोळे न उघडताच म्हणाले, "न्हाई गुरुजी. ह्या मंडपात कचेरीचा वाटा न्हाई."