लाल टोपणाची बाटली

"जरा उजेडात या."

मास्टरांचं बोलणं बहुतेक वेळा इथूनच सुरू व्हायचं. पावण्याच्या इंडस्ट्रियल एरियात आमचा शाईचा कारखाना होता. मसाल्याच्या, बिस्किटांच्या पाकिटांवर जी छपाई असते ना, तिची शाई. मी प्रोडक्शन बघायचो आणि ते शेड जुळवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्टर म्हणायचे. एका हातात पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, पसंत केलेला नमुना, दुसऱ्या हातात आमच्या शाईची कागदावर ओढलेली पट्टी, आणि ते निघाले मागच्या दाराकडे. तिथे थेट ऊन येत नसे, नुसता उजेड असे. ट्यूबलाइटखाली पाहिलेला रंग त्यांच्या लेखी पाहिलेलाच नसे.

ही खोड शाईपुरती नव्हती. टोमॅटोसुद्धा ते दुकानाबाहेर उजेडात धरून घ्यायचे. पुतणीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी चहा संपायच्या आत उठवलं आणि "जरा उजेडात या" म्हणून गॅलरीत नेलं. परत आले ते हसत. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, विचारलं, काय बघितलंत एवढं? तर म्हणे, "केसाला रंग लावलाय गड्यानं. पन माणूस बरा हाय. विचारल्यावर लगेच कबूल झाला." लग्न ठरलं.

त्यांची मान वळत नसे. पाठही ताठ. मागून कुणी हाक मारली की कपाट सरकवावं तसे ते पायापासून सगळेच्या सगळे वळायचे. नवा माणूस समजायचा, काय गुर्मी आहे. जुने लोक ओरडायचे, "मास्टर, रिव्हर्स घ्या." त्यावर ते म्हणायचे, "आमचा आरसा तुटलाय. मागनं येणाऱ्यानं हॉर्न द्यावा." सकाळी कंबर धरून कामाला उभे राहायचे आणि दुपारपर्यंत सैल व्हायचे. सातारकडचा माणूस, तरुणपणी पोती उचलली असतील, म्हणून पाठ गेली, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. अशी माणसं तुमच्याही आसपास असतील. त्यांच्या दुखण्याचं कारणही तुम्ही असंच ठरवून टाकलं असेल.

एकदा त्यांचा उजवा डोळा लाल झाला. डोळे आले म्हणून सगळे लांब बसले. मेडिकलवाल्याने थेंब दिले, थोडं बरं वाटलं, पुन्हा लाल. मग उजेड सहन होईना. मागच्या दाराशी गेले की डोळ्यातून पाणी. स्कूटर चालवणं जमेना, म्हणून मी त्यांना मागे बसवून डोळ्यांच्या हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी मशीनला हनुवटी टेकवायला सांगितली. ते वाकता वाकेनात. बाई थांबल्या आणि विचारू लागल्या, सकाळी कंबर आखडते का, किती वर्षांपासून. मास्टर सगळं अंग माझ्याकडे वळवून म्हणाले, "घ्या. डोळं दाखवाय आलो तर ह्या कंबर इचारत्यात."

पण बाईंनी बरोबर पकडलं होतं. मणक्याची ती सांधेदुखी आणि डोळ्याची लाली एकाच आजाराची. सांध्यांत येते तीच सूज डोळ्याच्या आत आली होती. यूव्हिआयटिस. डोळे येणं वेगळं, हे वेगळं, हे पुन्हा पुन्हा उलटतं, असं त्यांनी नीट सांगितलं. दोन बाटल्या दिल्या. एक सूज उतरवायची. दुसरी लाल टोपणाची, बाहुली मोठी ठेवायची. बाहुली हलती राहिली नाही तर सुजेत ती मागच्या भिंगाला चिकटते, म्हणून ही चुकवायची नाही, हेही मी तिथेच बसून ऐकलं. पाठीसाठी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

लाल टोपणाच्या थेंबांनी जवळचं पुसट दिसतं आणि उजेड टोचतो. दुसऱ्या कुणाचं त्याने अडलं नसतं. शेड जुळवणाऱ्याचं अडलं.

त्याच आठवड्यात हळदीच्या पाकिटाची मोठी पार्टी यायची होती. हळदीचा पिवळा जुळवणं कठीण, जरा चुकला की हिरवट मारतो. मास्टर पट्टी घेऊन दारात उभे होते आणि डोळे मिचकावत होते. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "मास्टर, पार्टी येऊन जाईपर्यंत लाल टोपणाचं राहू द्या. दुसरं चालू ठेवा."

"डॉक्टरीणबाई चुकवू नका म्हनल्यात."

"लाली तर गेली की."

त्यांनी एकदा पट्टीकडे पाहिलं, मग बाटली माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. पार्टी खूश होऊन गेली.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज हे लिहिलं नसतं. पण आमच्याकडे ती रीतच पडली. डोळ्याचं दुखणं पुन्हा उलटलं, पुन्हा थेंब सुरू झाले, आणि पार्टी यायची म्हटली की बाटली ड्रॉवरमध्ये. पुढे पुढे मला सांगावंही लागत नसे. मी नुसतं म्हणायचो, उद्या हळदवाले येतायत. ते "बरं" म्हणायचे आणि खिशातून बाटली काढून द्यायचे, हेल्मेट काढून द्यावं तशी.

मग एकदा डोळा असा दुखला की अर्ध्या शिफ्टमध्ये भिंत धरून बसले. बाईंनी मशीनमधून बराच वेळ पाहिलं. बाहुली गोल राहिली नव्हती. चिकटली होती, आणि आतला दाब चढला होता.

"लाल टोपणाचं मध्ये बंद केलं होतं का?"

मी शेजारच्या खुर्चीत होतो. तुमची माझी मान असती तर त्या क्षणी नकळत माझ्याकडे वळली असती. मास्टरांना माझ्याकडे बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागलं असतं, आणि बाईंना कळलं असतं. ते समोर बघत राहिले.

"न्हाय बाई. रोज टाकतो."

मी भिंतीवरचा डोळ्याच्या आकृतीचा तक्ता वाचत होतो. बाई म्हणाल्या, रोज टाकूनही असं झालं म्हणजे आजार फारच जोरात आहे, औषध बदलावं लागेल. तेव्हाही मी तक्ताच वाचत होतो.

पुढचं लांबवत नाही. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तरी तो गेला. मग आजार डाव्यात आला. त्या वेळी त्यांनी एक थेंब चुकवला नाही. पण सूज, दाब, मोतीबिंदू, एकाचं निस्तरेपर्यंत दुसरं. पाठीची इंजेक्शनं सुरू झाली तेव्हा पाठ थोडी सैल झाली, डोळ्यात मात्र वाचवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर उजवा वाचला असता का? मी नंतर एकटा जाऊन, काय झालं होतं ते न सांगता, बाईंना आडून विचारलं. त्या म्हणाल्या, आता कसं सांगणार.

कामावरचा त्यांचा शेवटचा महिना. ते पट्टी घेऊन माझ्या टेबलाशी आले. "सायेब, जरा उजेडात या." मी मागच्या दाराशी गेलो. त्यांनी पट्टी आणि नमुना दोन्ही माझ्या हातात दिले. "तुमी बगा. मला दोनी सारकंच दिसाय लागलंय." इतक्या वर्षांत त्यांनी दुसऱ्या कुणाला बघायला सांगितलेलं मी पाहिलं नव्हतं. पिवळा चांगलाच हिरवट मारत होता.

त्यानंतर कामोठ्याला त्यांच्या घरी मी बऱ्याच उशिरा गेलो. वहिनी सांगत होत्या, "भाऊजी, रोज विचारायची मी, थेंब टाकला का? टाकला म्हणायचे. एवढं नेमानं करून हे पदरात पडलं." त्या चहा ठेवायला आत गेल्या. तेव्हा मी म्हणालो, मास्टर, ते माझ्यामुळे झालं. वहिनींना सांगतो, बाईंनाही सांगतो.

आत भांड्यांचा आवाज चालू आहे ना, ते त्यांनी आधी ऐकलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तिला नका सांगू. मी तिच्याशी रोज खोटं बोललो, येवढंच तिला कळंल. दुसरं काय मिळनार हाय?"

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. केलं नाही असंही नाही. वर्षभराने ते दोघं गावी गेले आणि मास्टर तिकडेच वारले. आता मी हे वहिनींना पाठवणार आहे. नवऱ्याने आपल्यापासून लपवलं ते कुणासाठी, हे त्यांना कळायला हवं. त्या पुन्हा मला भाऊजी म्हणणार नाहीत, हे धरून चाललोय.

त्या दिवशी वहिनी चहा घेऊन आल्या. पिऊन मी निघालो तर मास्टर म्हणाले, "थांबा. जरा उजेडात या, तोंड बगू द्या." वहिनींनी गॅलरीचा पडदा सारला. मी दारात उभा राहिलो. ते उठले, सवयीने सगळे वळले, आणि माझ्या बाजूला गोळा झालेल्या पडद्याकडे बघून म्हणाले, "बारीक झालात वो."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी आवाज न करता सरकलो आणि पडद्यापुढे जाऊन उभा राहिलो.