बाजूबंदाच्या जागी

शेवटच्या भेटीत आक्का, माझी थोरली बहीण, स्वतः खाटेवर पडलेली होती आणि रक्तदाब मात्र माझ्या बायकोचा मोजत होती. आजाऱ्याला धीर द्यावा म्हणून मी हवापाण्यापासून सुरुवात केली, तर म्हणाली, "गप ऱ्हाय जरा. ठोके ऐकू येत न्हाईत." पाच आठवडे झाले तिला जाऊन... जन्मभर तिनं मला एवढंच सांगितलं, आणि ज्या एका वेळी मी खरंच गप राहिलो, ती वेळ नेमकी बोलायची होती.

आक्का कडा गावाजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. बावीस वर्षांमागे रेखाला, म्हणजे माझ्या बायकोला, दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात अंगावरून रक्त गेलं. दोन दिवसांत थांबलं. आमच्या घरात तीन महिने भरेपर्यंत गोड बातमीचासुद्धा उच्चार करत नाहीत, दृष्ट लागते म्हणून. मग रक्ताचा कोण करणार? आईनं बजावलं, आक्कालाही सांगायचं नाही. पुढं आष्टीला नाव नोंदवताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सुरुवातीला काही त्रास?" रेखा तोंड उघडणार तोच मी म्हणालो, "छे, ठणठणीत." सगळ्या बाजारात बडबड्या म्हणून ओळखला जाणारा मी... दोन शब्दांत आटोपलं.

सातवा सरताना डोहाळजेवण केलं. रेखा झोपाळ्यावर, अंगभर फुलांचे दागिने, बायकांची गाणी रंगलेली. मी आमटी तपासण्याच्या नावाखाली तिसरी वाटी पीत होतो. आक्का ड्यूटीवरून थेट आली, ओटी भरायला वाकली आणि थबकली.

"रेखा, तोंडावर सूज कावून? डोकं दुखतंय का?"

"सकाळधरनं लई ठणकतंय."

आक्कानं फुलांचा बाजूबंद सोडला आणि त्या जागी रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. गाणं थांबलं. आत्या पुटपुटली, "आजच्या दिवशी हे काय गं?" आकडा बघून आक्का माझ्याकडं वळली. "सुरवातीला काय झालतं का?"

"थोडंसं रक्त गेलतं."

"अन् तू आता सांगायलास?"

"भ्यालो, आक्का."

ती ओरडली नाही. "कळलं असतं तर पहिल्यापासून जास्त लक्ष ठेवलं असतं. चल, जीप काढ."

रेखाला फुलांसकट नगरच्या दवाखान्यात नेली. पोरगी दोन महिने आधी झाली, मूठभर. तिला रेखाच्या छातीशी कशी बांधून ठेवायची ते आक्कानंच शिकवलं. दोघी वाचल्या, पण आक्का निर्धास्त झाली नाही. "अशा बाईला पुढं बी रक्तदाब धरू शकतो," म्हणत दर महिन्याला रेखाचा दंड धरून बसायची. चाळिशीत तो वाढलेला सापडला, तोही तिलाच.

तेराव्यानंतर तिचं यंत्र आणि वही आमच्याकडं आली. पट्टा मी उलटा बांधतो, म्हणून ते काम मुलीकडं. रेखा सवयीनं दंड पुढं करते आणि मी, कुणी न सांगता, गप बसतो. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत आक्काचं अक्षर आहे: "रेखा. तिसऱ्या महिन्यात रक्तस्राव. सातव्यात रक्तदाब." आणि खाली, माझ्यासाठीच असावी अशी ओळ... "डॉक्टर बदलला तर आधी हे सांगणे." गेल्या आठवड्यात आम्ही एका नव्या डॉक्टरांपुढं बसलो. त्यांनी पेनाचं टोपणही काढलं नव्हतं, तोवर मी सांगायला लागलो होतो.