दुपारची सोलापूर गाडी

हे मी कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, माहेरी नाही, देवीपुढंही नाही — तिथं तर डोळे मिटून भलतंच काहीतरी मागत आले.

सुमन माझी धाकटी जाऊ. जळकोटला आमचं एकत्र घर. त्या सकाळी सासूबाईंनी चारचौघींत तिच्या भाकरीचं कौतुक केलं. एवढंच झालं होतं. एवढ्यानं माणूस पेटतं का? मी पेटले.

विहिरीवर मी रहाट फिरवत होते, ती भरला पोहरा धरायला वाकली होती. दांडा हातातून निसटला, असं मी घरात सांगितलं. निसटला नव्हता — मी सोडला. पोहरा खाली गेला, रहाट गरकन उलटा फिरला आणि दांडा तिच्या भुवईवर बसला.

पण हेही कबूल करणं सोपं आहे. पुढचं जड जातंय.

पुरुष माणसं रानात, म्हणून तुळजापूरच्या दवाखान्यात तिला मीच नेलं. भुवईला टाके पडले. डोळा मात्र बाहेरून स्वच्छ, लालीसुद्धा नाही. डॉक्टरांनी त्यात बॅटरी मारून पाहिली, पुन्हा पाहिली, आणि मला एकटीला व्हरांड्यात बोलावलं.

"बाई, डोळ्यामागची शीर दुखावलीय. दुपारच्या गाडीनं सोलापूरला न्या. कॉर्टिझोन म्हणून नवं औषध आहे तिथं. गुण येईलच असं नाही, पण द्यायचं तर आत्ताच. शीर सुकल्यावर उपयोग नाही."

मी मान डोलावली. सगळं समजलं होतं मला. सोलापूरला विचारतील — कसं लागलं? मग घरात विचारतील, आणि सासूबाई तर माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखतील. जखम लहान ठरली तर माझं पापही लहानच ठरणार होतं ना?

बाहेर सोलापूरची गाडी उभी होती.

"काय म्हनले डाक्टर, आक्का?" सुमननं विचारलं. "या डोळ्यानं लई धुरकट दिसतंय."

"वरवरचं हाय. सूज उतरली की दिसंल," मी म्हणाले, आणि तिला हाताला धरून जळकोटच्या गाडीत बसवलं.

मग रोज ती कंदिलासमोर बसून चांगला डोळा झाकून बघायची. मी चुलीपाशी बसून तिला बघायची. तेव्हाही सांगता आलं असतं — दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. रोज वाटायचं, आता उशीर झाला, आता सांगून काय? आणि उशीर करत कोण होतं?

पुढं दीर तिला सोलापूरला घेऊन गेले तोवर शीर सुकली होती. लगेच आणायला हवं होतं, असं तिथं म्हणाले. घरी आल्यावर सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत सुमनच म्हणाली, "आक्कांनी तर त्याच दिशी दवाखान्यात नेलं मला. त्यांचा काय दोष? नशीब माझं."

"व्हय," मी म्हणाले. "नशीबच."

अजून कुणी डोळ्याचं विचारलं की ती हेच सांगते. मी शेजारी बसलेली असते. मान हलवते.