गोलकीपर आधी, मग बाकीचे

मी मुरब्यातून, आमच्या कोळ्यांच्या गावातून, निघाले तेव्हा मासेमारी बंद होती. बोटी किनाऱ्यावर ताडपत्र्या पांघरून पडल्या होत्या, आणि म्हणून माझी बॅग भरायला बाबांना वेळच वेळ होता. नवीकोरी बॅग त्यांनी उलटीपालटी करून बघितली, तिची चेन ओढून बघितली, आणि "हिच्यावर काय भरवसा नाय" म्हणत जाळ्याची दोरी आणून ती अशी करकचून बांधली की विमानतळावरच्या तपासणीवाल्याने शेवटी हात टेकले आणि कात्री मागवली. आयने सुके बोंबील इतक्या पिशव्यांत गुंडाळले होते की मला वाटलं, वास तर सोडाच, बोंबीलसुद्धा सापडणार नाहीत. दारात उभं राहून बाबा एवढंच म्हणाले, "पोचलीस की फोन कर. आनि कोनाच्या लाजंनं उपाशी ऱ्हाऊ नको." मनोरला हायवे लागेपर्यंत मी रडत होते. गाडी दादा चालवत होता. तो फक्त एसी वाढवत राहिला.

तुम्ही जे गावातच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे कुठेकुठे जाऊन पडलात, दोघांनाही हे सांगायचंय. गावातल्यांना वाटतं आम्ही इकडे मजेत आहोत. बाहेर गेलेल्यांना वाटतं गाव जसं सोडलं तसंच आहे. दोन्हींतलं डोंबल काही खरं नाही.

आधी मी बोईसरला एका औषधांच्या कारखान्यात गोळ्या तपासायचे. प्रयोगशाळेच्या खिडकीतून "मॅडम, सॅम्पल भेजा है, जल्दी देखो ना" असं दिवसातून किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. त्याच कामावर इंग्लंडात आले. काम तेच, गोळ्याही तशाच पांढऱ्या. फक्त इथे कोणी "जल्दी" म्हणत नाही. कोणी काहीच म्हणत नाही! पहिलं वर्ष मी डब्यातला भात एकटीने खाल्ला. मासे आणायचे नाहीत हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण पहिल्याच दिवशी सुरमईचा तुकडा गरम केला तेव्हा सगळ्यांनी एकदम खिडक्या उघडल्या, त्यावरून कळलं. मला राग आला होता. अजून येतो.

मग गेल्या वर्षी इथल्या उन्हाळ्यात शेजारच्या टेबलावरच्या हेलनने विचारलं, आमच्या ड्राफ्टमध्ये येतेस का, एक माणूस कमी पडतोय. मी काय आहे न विचारता हो म्हटलं. तिने "विहिरीत उडी मारतेस का" म्हटलं असतं तरी हो म्हटलं असतं.

तर तो खेळ असा. फुटबॉलचा मोसम सुरू व्हायच्या आधी ऑफिसातले दहा जण बसतात आणि खऱ्याखुऱ्या खेळाडूंमधून आपापली कागदावरची टीम निवडतात. पाळीपाळीने, ठरलेल्या वेळात, एकेक नाव कॉम्प्युटरवर टाकायचं. एकाने घेतलेला दुसऱ्याला मिळत नाही. मग मोसमभर तुमच्या माणसांनी खऱ्या मॅचमध्ये गोल केले की तुम्हाला गुण. त्यामुळे जुलैपासून सगळे सरावाच्या मॅच बघत बसतात. कोण फॉर्मात आहे, कोणाचा गुडघा दुखतोय, कोण म्हातारा झाला. जेवणाच्या सुट्टीत याशिवाय दुसरा विषय नाही.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण जुलैत मोकळा बसलेला एक माणूस माझ्या ओळखीचा होता. शनिवारी इथे दुपारी मॅच लागली की मुरब्यात संध्याकाळचं जेवण व्हायचं असायचं. मी मोबाइल टीव्हीसमोर उभा करायचे आणि तिकडे बाबा ओट्यावर बसून, जाळं सांधता सांधता, माझ्या टीव्हीवरचा फुटबॉल आपल्या फोनवर बघायचे. दादा बाजूला बसून दोरी वळायचा. आय मधूनच तोंड घालायची, "बाय, तू जेवलीस का ते सांग आदी."

बाबांचं माणूस पारखणं जगावेगळं. बोटीवर खलाशी घेताना ते जे बघत आले तेच इथे बघायचे. गोल मारणारा त्यांना आवडायचाच नाही. "तो बग, गोल मारला आनि एकटाच पलत सुटला. असला मानूस जाळं अर्ध्यात सोडंल." एकजण पडला आणि कळवळून लोळायला लागला, तर म्हणाले, "ह्याला बंदरातच उतरव." जो घामाघूम होऊन मागेमागे धावायचा, पाणी पिताना बाटली आधी दुसऱ्याला द्यायचा, तो त्यांचा लाडका. आणि त्यांचा ठाम हट्ट होता की सगळ्यात आधी गोलकीपर घ्यायचा. "सुकानूवर कोन ते आदी ठरव. मंग बाकीचे."

मी ऐकलं! दहा जणांत माझी तिसरी पाळी होती, सगळे चांगले गोल मारणारे समोर होते, आणि मी गोलकीपर घेतला. सगळे असे हसले, असे हसले की हेलनच्या कपातला चहा सांडला. या खेळात गोलकीपर सगळ्यात शेवटी घेतात, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं म्हणे. मी म्हटलं, "हसा. माझे वडील तांडेल आहेत, बोटीचे कप्तान, त्यांनी निवडलाय. तुमच्या वडिलांना बोट चालवता येते का?" मग आणखीच हसले. पण त्या हसण्यात मी होते. त्या दिवसापासून माझ्या टेबलाशी लोक थांबायला लागले, "तांडेल काय म्हणतात?" म्हणून विचारायला लागले. माझी टीम शेवटून पहिली आली ते सोडा.

यंदा तीच गंमत पुन्हा करायची होती. पण यंदा जुलैत दादाचा वेगळा फोन आला, किनाऱ्यावरून, घरी कोणी ऐकू नये म्हणून.

त्याने सांगितलं, मासेमारीचा मोसम संपायच्या थोडं आधी, एडवण गावासमोरच्या समुद्रात जाळं ओढताना बाबांच्या हातातून दोरी सुटली. बोटांत जोरच राहिला नाही. ते जाळ्याबरोबर पाण्यात जायचे, एका खलाशाने मागून सदरा धरला म्हणून वाचले. घरी कोणी काही बोललं नाही. बोट आता दादाच्या नावावर आहे, तांडेलही तोच. पण बाबा अजून त्याच्याबरोबर जातात आणि यंदाही जाणार हे धरून चालले होते.

आमच्याकडे एक रीत आहे, बाहेरच्यांना माहीत नसेल. नारळी पुनवेनंतर जाळी बोटीवर चढवायच्या सकाळी तांडेलाच्या घरचं माणूस प्रत्येक खलाशाच्या दारात बोलवायला जातं. ज्याला घ्यायचं नाही त्याच्या दारात जायचं नाही, बस. "तू नको" असं कोणी कोणाच्या तोंडावर बोलत नाही. ज्याच्याकडे बोलावणं येत नाही तो समजून जातो, दुसरी बोट बघतो, आणि दोन्ही घरं एकमेकांच्या लग्नाला जायला मोकळी राहतात.

"पन जो आपल्याच घरात झोपतो," दादा म्हणाला, "त्याला कसा नाय बोलवायचा? सकाळी माझ्या आदी उठून तो तयार बसंल. तू सांग ना. तुजं ऐकतात."

मी भडकले. "मी का? मी लांब आहे म्हणून? मला तोंड बघायला लागणार नाही म्हणून?" मग मला वाईट वाटलं. बापाला घरी बसवायचं की समुद्रात न्यायचं, हे बाकी कोणाला ठरवायचं नव्हतं, त्यालाच होतं. नेलं आणि पुन्हा दोरी सुटली तर? आय म्हणायची, "तो बोटीवर मरंल, पन घरात बसनार नाय." ती हे कौतुकाने म्हणायची. आता म्हणत नव्हती.

ड्राफ्टचा दिवस आला. शुक्रवार, जेवणाची सुट्टी. आम्ही दहाजण मोठ्या टेबलाभोवती, माझा मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला, आणि त्यात ओट्यावरचे बाबा आणि दादा. सगळ्यांनी बाबांना हात केले. मी पुन्हा गोलकीपर पहिला घेतला, पुन्हा हशा झाला. शेवटच्या पाळीपर्यंत सगळं हसतखेळत चाललं.

शेवटच्या पाळीला बाबा म्हणाले, "टकल्याला घे."

टकल्या म्हणजे मधल्या फळीतला एक जुना खेळाडू. गेल्या वर्षी बाबांच्या सगळ्यात आवडीचा. मी म्हटलं, "नको बाबा. यंदा तो खेळणार नाही. वय झालं त्याचं. सरावाच्या मॅचमध्येही बाहेर बसवला."

"कालपर्यंत तर पलत होता."

"पळत होता. पण आता दमतो."

बाबांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. "मंग त्याला सांगतं कोन? का नुसतं बोलवीतच नाय?"

मागे दादाचा दोरी वळणारा हात थांबलेला दिसत होता. मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, "कोच आत बोलावतो. समोर बसवतो आणि तोंडावर सांगतो. मोसम सुरू व्हायच्या आधी."

"तोंडावर?"

"हो."

टेबलावर सगळे माझ्याकडे बघत होते, माझी पाळी होती, वेळ चालला होता. मग बाबांनी मान दादाकडे वळवली. "हरेश, ऐकलास ना? ती लोकं तोंडावर सांगतात. तू महिनाभर माज्याकडं बगत नायस. जेवताना पन नाय. मी काय आंदला हाय?"

दादा उठून त्यांच्यासमोर येऊन बसला. मला त्याची फक्त पाठ दिसत होती. तो म्हणाला, "बाबा, यंदा तुमी नका येऊ. तुमचा हात सुटला ना, तवापास्नं माजं लक्ष जाळ्यावर ऱ्हात नाय. तुमच्यावरच ऱ्हातं. बाकीची मानसं पन हायत माज्या बोटीवर."

हेलनने माझ्या हातावर हात ठेवला. तिला भाषा कळत नव्हती, बाकी सगळं कळत होतं.

बाबा म्हणाले, "हां. आता बोललास तांडेलावानी." आणि खाली ठेवलेलं जाळं उचलून पुन्हा सांधायला लागले. सुई दोनदा त्यांच्या बोटांतून निसटली आणि त्यांनी ते लपवलं नाही. आतून आयच्या रडण्याचा आवाज आला. एवढ्यात माझा वेळ संपला आणि कॉम्प्युटरने आपणच कोणीतरी अनोळखी बचावपटू माझ्या गळ्यात मारला. मी त्याचं नावसुद्धा वाचलं नाही. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून पोटभर रडले.

पुनव झाली, जाळी चढली, बोट गेली. बाबा धक्क्यापर्यंत गेले होते म्हणे, सगळ्यांना दोरी कशी धरायची ते सांगत. दादा वैतागला आणि हसलाही. मग बाबा चालत घरी आले आणि दोन दिवस या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. आय म्हणाली, त्यांना भरल्या घरात कुठे बसायचं तेच कळत नाही, सारखे तिच्या पायात येतात.

शनिवारी फुटबॉलच्या मोसमातली पहिली मॅच होती. मी सवयीने टीव्ही लावला, आणि घरी फोन लावायला हात गेला तसा थांबला. माझ्या अख्ख्या आयुष्यात मासेमारीच्या मोसमात बाबा घरी असतीलच अशी संध्याकाळ आली नव्हती. शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा ते पाण्यात होते. दहावीचा निकाल जूनमध्ये, बोटी बंद असताना लागला, तो सोडला तर माझं प्रत्येक बरंवाईट आधी आयला कळलं, त्यांना चार-पाच दिवसांनी, बोट लागल्यावर. बाबा नाहीत म्हणजेच घर, असंच मी धरून चालले होते. इथे परक्या शहरात मी ज्या घरासाठी रडायचे, त्यातही ते नव्हते.

मी फोन लावला. एकच रिंग वाजली.

"बोल गं," बाबा म्हणाले. "मी घरीच हाय."