पहाटेच्या प्रार्थनेतलं नाव

आईला माती दिली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या प्रार्थनेला ये-रिम कोरियातल्या गुन्सान गावी आईच्या जुन्या चर्चमध्ये जाऊन बसली. कॉलेजसाठी सोलला गेली तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षं, तिनं देवाचं नाव टाकलं होतं. "गुडघे झिजवून काही मिळत नाही, आई," असं ती फोनवर फाडकन बोलायची. आई म्हणायची, "बरं बाई. जेवलीस का?"

दिवे मंद झाले. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी "प्रभू!" अशी तीनदा हाक मारली आणि जो तो आपलं मागणं मोठमोठ्यानं मागू लागला. ये-रिमचं तोंडच उघडेना. आली होती मनापासून, पण आत नुसती राख होती.

शेजारी आईची मैत्रीण, ऐंशीच्या पार्क मावशी, डोळे घट्ट मिटून मांडीवर मूठ आपटत होत्या. "प्रभू, आमची ओक-बुन गेली. आता तिचं मागणं मी मागते. तिच्या ये-रिमला परत आण! हट्टी आहे मेली, कान धरून आण!"

"मी आलेय, मावशी," म्हणायला ये-रिमनं हात पुढे केला. पण ते खोटं ठरलं असतं. तिनं हात मागे घेतला, डोळे मिटले आणि मावशींच्या आवाजात आपला आवाज मिसळला, "प्रभू, ये-रिमला परत आण."

मग ती त्या ये-रिमची वाट पाहत राहिली. दिवे पुन्हा लागले, तरी कुणी आलं नव्हतं.